दोरी हातात, शीड वाऱ्यावर

कयाकवर शीड लावून पाहायचं ठरवलं, तर पहिला धडा कोणता? होडी उलटवायचा! हसू येईल, पण खरंच सुरुवात तिथूनच होते.

कयाक म्हणजे लांबट, अरुंद, बहुधा एका माणसापुरती होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आळीपाळीनं डावी-उजवीकडे मारायचं. तास-दोन तासांत खांदे भरून येतात. मग वाटतं, वारा फुकट वाहतोय, त्यालाच का जुंपू नये? म्हणून पुढच्या बाजूला छोटी डोलकाठी आणि साधारण एक चौरस मीटरचं शीड. म्हणजे आपल्या टेबलक्लॉथएवढं कापड! पण मागून वारा भरला की होडी सरसर सुटते.

तोच वारा बाजूनं आला, की होडी कलंडवतो. मोठ्या शिडाच्या होडीला तळाशी वजन असतं, कयाकला नसतं. तोल सांभाळायचा तो आपल्या कमरेनं आणि वल्ह्यानं. म्हणून होडी उलटली तर बाहेर कसं यायचं, भिजलेल्या शिडासकट ती सरळ कशी करायची, हे काठाजवळ, जाणकार सोबत असतानाच शिकायचं. लाइफ जॅकेट तर हवंच.

वाऱ्याची दिशाही बघायची. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो. शिकाऊ बाईनं काठाकडे येणारा मंद वाराच निवडावा. मतलई वारा आत ओढून नेतो. पावसाळ्यात तर नावच काढू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिडाची दोरी गाठ मारून बांधायची नाही. ओढली की शीड भरतं, सोडली की फडफडतं आणि जोर ओसरतो. घाबरायला झालं, तर दोरी सोडायची, बस्स!

याच छोट्या शिडाच्या जोरावर माणसं कुठवर गेलीत बघा. जर्मनीचा ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये बेकारीला कंटाळून घडीच्या कयाकमधून निघाला. भारताच्या किनाऱ्यावरून पुढे जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. गंमत म्हणजे त्याला पोहता येत नव्हतं! (त्याचं अनुकरण मात्र करू नका हं.)

त्याचीच वाट धरली ऑस्ट्रेलियाच्या सँडी रॉबसननं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मगरीनं तिच्या कयाकवर हल्ला केला, ती मोहीम सोडावी लागली. पण २०११ मध्ये तिनं जर्मनीहून पुन्हा वल्हं हाती घेतलं. जमेल तिथे स्पेकच्या वाटेनं जात, शिडाची मदत घेत, २०१६ मध्ये ती घरच्या किनाऱ्याला लागली.

आपल्याकडे मुलीला ‘पाण्यात जाऊ नकोस’ एवढंच सांगितलं जातं. कसं जायचं, हे कुणी शिकवत नाही. म्हणून मैत्रिणींनो, आधी तालुक्याच्या तलावात पोहायला शिका. मग कोकणात गेलात, की लेकीला काठावरून मागे ओढण्याआधी तिच्यासाठी एक लाइफ जॅकेट मागा. आणि हो, एक स्वतःसाठीही!