दूरस्थ प्रवेशातील विलंब : एकफलकी लिनक्स संगणकाच्या संदर्भात

कृष्णेचे पाणी चढू लागले म्हणजे सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पातळीच्या आकड्याकडे लागते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी या दोहोंच्या पुष्कळ वर गेले होते. विश्रामबागेत १९४७ साली स्थापन झालेले व आज वालचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तेथे लिनक्सचा अभ्यास करणारा विद्यार्थ्यांचा गटही आहे. अशा परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने हातात मावणाऱ्या एकफलकी संगणकावर पाणीपातळी नोंदविणारे उपकरण बसविले, अशी कल्पना करावी. उन्हाळ्यात त्या संगणकात दुरून प्रवेश करण्यास एक-दोन सेकंद पुरतात. पुढे ऐन पावसात, बाहेरचा इंटरनेट संबंध तुटलेला असताना, त्याच खोलीतील राउटरवरून प्रवेश करू जावे तर पासवर्ड विचारला जाण्यापूर्वीच दहा-वीस सेकंद निघून जातात. यंत्र तेच, तार तीच, अंतरही तेच. मग विलंब कोठून आला?

‘यंत्र लहान, म्हणून मंद’ हे उत्तर सर्वांना प्रथम सुचते. परंतु ते निदान नव्हे. ती केवळ समजूत होय. २०१२ पासून विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या फलकाच्या अगदी आरंभीच्या नमुन्यासही गुप्तलेखनाची गणिते करण्यास लागणारा वेळ थोडक्या सेकंदांचाच असतो. दहा, वीस किंवा पंचवीस सेकंद असा ठरावीक विलंब दिसतो तेव्हा यंत्र बहुधा श्रम करीत नसते. ते कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असते. प्रोसेसरवरील भार दाखविणारा ‘टॉप’ हा आदेश दुसऱ्या पडद्यावर चालू ठेवला, तर या काळात यंत्र जवळजवळ स्वस्थ असल्याचे दिसते. वाट कोणाची पाहिली जाते एवढे शोधून काढणे हेच निदानाचे सर्व काम होय.

दूरस्थ प्रवेशाची आज रूढ असलेली एसएसएच ही पद्धती फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठात ताटू इलोनेन यांनी १९९५ साली तयार केली. त्या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून वाचले गेल्याची घटना तिच्या निर्मितीस कारण झाली. तिचे ओपनएसएसएच हे मुक्त रूप १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पातून पुढे आले आणि लहान फलकांवरील लिनक्समध्ये बहुधा तेच असते. या पद्धतीत प्रवेश ही एक क्रिया नसून क्रमाने घडणाऱ्या अनेक क्रियांची साखळी आहे. प्रथम नावावरून पत्ता शोधला जातो, नंतर जोडणी होते, दोन्ही बाजू आपापली आवृत्ती सांगतात, किल्ल्यांची देवघेव होते, ओळख पटविली जाते, सत्र नोंदविले जाते आणि अखेरीस शेल सुरू होतो. यांपैकी कोणतीही कडी अडली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते.

म्हणून कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी विलंब कोणत्या कडीत आहे हे पाहिले पाहिजे. एसएसएचच्या आदेशास ‘व्ही’ हा पर्याय तीन वेळा जोडला असता प्रत्येक टप्प्याची ओळ पडद्यावर उमटते. ज्या ओळीवर मजकूर थांबतो तिच्या लगेच पुढचा टप्पा संशयित समजावा. सर्व्हरच्या बाजूने पाहावयाचे असल्यास तोच सर्व्हर निराळ्या पोर्टवर ‘डी’ या पर्यायासह चालवावा. म्हणजे मूळ सेवा न थांबविता त्याचे स्वगत वाचता येते. याखेरीज एक साधा प्रयोग आहे. नावाऐवजी अंकी पत्ता देऊन प्रवेश करून पाहावा. विलंब नाहीसा झाला तर दोष नाव शोधण्यात, म्हणजे प्रवेश करणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकाच्या बाजूस आहे. फलकाला बोल लावण्याचे कारण नाही.

आता पाणीपातळीच्या उपकरणाकडे वळू. सर्व्हरच्या मांडणीत ‘यूजडीएनएस’ नावाची एक कलमओळ असते. ती चालू असेल तर येणाऱ्या प्रत्येक जोडणीच्या अंकी पत्त्यावरून तिचे नाव शोधण्याचा प्रयत्न होतो आणि मिळालेले नाव पुन्हा पत्त्याशी ताडून पाहिले जाते. खोलीतल्या राउटरने दिलेल्या खाजगी पत्त्याला बहुधा असे नावच नसते. बाहेरचा संबंध चालू असताना नावांचा सर्व्हर ‘असे नाव नाही’ म्हणून तत्काळ कळवितो व काम पुढे जाते. नकार हेही एक उत्तरच असते. संबंध तुटला म्हणजे मात्र पुष्कळदा होकारही येत नाही आणि नकारही येत नाही. लिनक्समधील नाव शोधणारी प्रणाली सामान्यतः ५ सेकंद थांबते व एकूण २ वेळा विचारते. नावांचा सर्व्हर एकच असेल तर एका प्रश्नाचे १० सेकंद झाले. सर्व्हर अधिक असतील तर वेळही वाढतो. उन्हाळ्यात न दिसलेला दोष पावसात दिसतो, याचे कारण हे आहे. ज्या दिवशी उपकरणाची खरी गरज, नेमका त्याच दिवशी तो प्रकट होतो.

यावरील उपाय, म्हणजे ती कलमओळ बंद करणे, जिकडेतिकडे सांगितला जातो. परंतु मार्च २०१५ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ६.८ या आवृत्तीपासून ती मुळातच बंद असते. त्यामुळे अनेकजण आधीच बंद असलेले कलम पुन्हा बंद करतात, फरक न पडल्याने निराश होतात आणि नवा फलक विकत आणतात. जुन्या कार्डावरून उचललेली मांडणी अथवा कोणी मुद्दाम केलेला बदल असेल तरच येथे दोष संभवतो. प्रत्यक्षात कोणते कलम लागू आहे हे सर्व्हरला मोठा ‘टी’ हा पर्याय देऊन विचारता येते. तर्क करीत बसण्याची आवश्यकता नाही. मात्र अधिकृत किल्ल्यांच्या यादीत कोणी यंत्रांच्या नावांवरून निर्बंध घातले असतील, तर हे कलम बंद केल्यावर तेथे अंकी पत्ते लिहावे लागतात, हे विसरू नये.

याच जातीचा दुसरा विलंब प्रवेश करणाऱ्या बाजूकडून येतो. डेबियन या वितरणात ‘जीएसएसएपीआय’ ही केर्बेरॉस प्रकारची ओळखपद्धती प्रवेशकर्त्याच्या मांडणीत चालू ठेवलेली असते. मोठ्या संस्थेच्या जाळ्यात ती उपयोगी पडते; खोलीतल्या एका फलकासाठी तिचा उपयोग नाही. सर्व्हरही ती स्वीकारण्यास तयार असेल तर तिच्यापायी पुन्हा नावांचे शोध सुरू होतात. एका प्रवेशापुरती ती बंद करून घड्याळ लावले की शंका फिटते.

पासवर्ड स्वीकारल्यानंतर, परंतु आदेशचिन्ह उमटण्यापूर्वी, जवळजवळ २५ सेकंदांचा विलंब होत असेल तर कारण अगदी वेगळे असते. नवे सत्र नोंदविण्यासाठी सिस्टमडी-लॉगिनडी या सेवेकडे डी-बस या मार्गाने विचारणा केली जाते व त्या मार्गाची प्रतीक्षेची मर्यादा २५ सेकंद आहे. प्रणाली अद्ययावत करताना डी-बस नव्याने सुरू झाली आणि लॉगिनडी जुन्याच जोडणीला धरून राहिली, तर उत्तर कधीच येत नाही. लॉगिनडी पुन्हा सुरू केली म्हणजे काम भागते. दहा सेकंदांचा विलंब नावांच्या शोधाकडे आणि पंचवीसचा या सेवेकडे बोट दाखवितो, हे एकदा ध्यानात आले की निम्मे श्रम वाचतात.

सर्वच प्रतीक्षा अशा निरर्थक नसतात. २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये फलक सुरू केल्यावर एसएसएच सेवा कधीकधी बराच वेळ उभी राहत नसे. किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता पुरेशी जमेपर्यंत प्रणाली थांबत असे, आणि ज्या यंत्राला कळफलक नाही, माउस नाही, त्याच्याकडे ती सावकाश जमते. हे थांबणे योग्यच होते. २००६ ते २००८ या काळात डेबियनच्या ओपनएसएसएल ग्रंथालयातील एका बदलामुळे यादृच्छिकतेचा जवळजवळ सर्व आधार नाहीसा झाला होता. किल्ल्या झटपट तयार होत, परंतु एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांचे संभवनीय पर्याय अवघे ३२,७६८ उरले होते. म्हणून येथील इलाज प्रतीक्षा टाळण्याचा नसून पुरवठा वाढविण्याचा आहे. रास्पबेरी पायच्या चिपमध्ये यादृच्छिक संख्यांचे जनित्र असते, त्याचा उपयोग करावा. लिनक्स ५.४ पासून गाभ्याने स्वतःच यावर तोड काढल्यामुळे आज हा प्रश्न क्वचितच भेटतो.

प्रवेश झाल्यावरही प्रत्येक अक्षर अडखळत उमटत असेल, तर तो प्रवेशाचा विलंबच नव्हे. बिनतारी जोडणीची वीजबचत बंद करून पाहावी. प्रवेशानंतर केवळ ‘सुडो’ हा आदेश अडत असेल तर यंत्राचे स्वतःचे नाव ‘होस्ट्स’ या यादीत आहे की नाही ते तपासावे. यंत्राचे नाव बदलून ही यादी तशीच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. वीजपुरवठा अपुरा असल्यासही फलक आपला वेग कमी करतो, पण तेव्हा सर्वच कामे मंदावतात, एकटा प्रवेश नव्हे.

नदीकाठी ठेवावयाच्या उपकरणाची परीक्षा मे महिन्यातच करून घ्यावी. राउटर चालू ठेवून त्याची बाहेर जाणारी तार काढावी, फलक बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि दुसऱ्या संगणकावरून अंकी पत्त्याने व नावाने असा दोनदा प्रवेश करून दोन्ही वेळचे सेकंद वहीत लिहून ठेवावे. त्यानंतर तार जोडून हेच पुन्हा करावे. दोन्ही स्थितींतील आकड्यांत ठळक फरक आढळला, तर फलक अजून बाहेरच्या कोणाला तरी काही विचारीत आहे.