पायी गस्तीचा हिशेब

रस्त्यावर पोलीस चालताना दिसला की जिवाला बरं वाटतं. पण त्याने गुन्हे खरंच घटतात का? अमेरिकेतल्या नेवार्क शहरात १९७८-७९ मध्ये हे तपासलं, तेव्हा रहिवाशांची भीती कमी झाली. नोंदलेले गुन्हे मात्र होते तेवढेच राहिले.

२००९च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाने पुन्हा करून पाहिलं. हिंसक गुन्ह्यांची १२० ठिकाणं हेरली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली ६० पायी गस्तीला दिली. अकादमीतून नुकतेच बाहेर पडलेले पोलीस जोडीजोडीने, सकाळी १० ते रात्री २, दोन पाळ्यांत, जेमतेम दोन किलोमीटरच्या गल्ल्या तुडवत राहिले. तिथले हिंसक गुन्हे इतर ठिकाणांच्या तुलनेत २३ टक्क्यांनी घटले. काही गुन्हे शेजारी सरकले, तरी हिशेब फायद्याचाच.

माझ्या मते खरी मेख जागा निवडण्यात आहे. गुन्हे शहरभर सारखे पसरत नाहीत, ठरावीक कोपऱ्यांवर साचतात. आणि गस्त उठली तसा परिणामही विरला. त्याच त्या चौकांना कंटाळलेले पोलीस तर त्याआधीच हद्दीबाहेर भटकू लागले होते.