विषाणूजन्य कावीळ : प्रकार पाच, मार्ग दोन

पैनगंगेच्या खोऱ्यातील आमच्या उमरखेड भागात डोळे पिवळे झाले की रुग्ण 'काविळीचे औषध द्या' एवढेच मागतो. तथापि कावीळ हे लक्षण आहे. त्यामागील हेतू शोधणे हे वैद्याचे कर्तव्य होय. चरकाचार्यांनी पांडुरोगचिकित्सेत सांगितलेला कोष्ठशाखाश्रित व शाखाश्रित हा कामलेचा भेद चिकित्सेस मार्गदर्शक आहे. मात्र व्याधी एकाकडून दुसऱ्यास कसा जडतो, हे जाणण्यासाठी विषाणूंचा परिचय आवश्यक ठरतो. यकृतास सूज आणणारे प्रमुख विषाणू पाच : ए, बी, सी, डी व ई.

मुखमार्ग (ए व ई) : रुग्णाच्या मलाने दूषित झालेले पाणी व अन्न यांतून हे पसरतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ई विषाणूची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. २०१२ मध्ये इचलकरंजीतही ई विषाणूची साथ आली. हे प्रकार बहुधा आपोआप शमतात. परंतु गर्भिणीस शेवटच्या तीन महिन्यांत ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते.

रक्तमार्ग (बी, सी व डी) : दूषित सुई, रक्त, वस्तरा, गोंदण, शरीरसंबंध आणि प्रसूतीसमयी माता यांतून बी पसरतो. सी मुख्यतः रक्तावाटे जातो. डी केवळ बी असणाऱ्यासच होतो. पुष्कळदा कावीळ दिसतच नाही आणि अनेक वर्षांनी यकृत आकसते वा कर्करोग होतो. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने बी ची जीवघेणी साथ उद्भवली. बी विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. म्हणून शिरावेधाची सुई एकदाच वापरावी आणि एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास कदापि लावू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी आरोग्यवर्धिनी वा भुईआवळ्याचे चूर्ण देण्यापूर्वी रक्ततपासणी झाली का, हे विचारावे. गर्भिणी, गुंगी, रक्तस्राव वा न थांबणारी वांती असलेला रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सी ची तपासणी व उपचार मोफत आहेत. सी बहुतेकांत सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी ची लस नवजातास २४ तासांच्या आत मिळावी आणि आपण स्वतःही ती घ्यावी. पाणी उकळा, सुई जपा. एवढे सांगणे हीदेखील चिकित्साच होय.