पावती न मिळणारे कर

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठला घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा चलनातून गेल्या. देशात फिरणाऱ्या पैशांपैकी मूल्याने तब्बल ८६ टक्के पैसा त्या दोन नोटांत होता. बुधवारी बँका बंद, एटीएम बंद. गुरुवारी पुण्यात, कोथरूडला, पौड रस्त्यावर आणि कर्वे पुतळ्याच्या आसपास बँकांची शटर उघडायच्या आत रांगा लागल्या. नोटाबंदीने काळा पैसा गेला की नाही, यावर तेव्हापासून भरपूर लिहून झालंय. रिझर्व्ह बँकेच्याच २०१७-१८च्या अहवालानुसार रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपये परत आले, म्हणजे ९९.३ टक्के. २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय वैध ठरवला. तो वाद इथे उकरायचा नाही. मला बोलायचंय ते त्या रांगेत उभं राहण्याच्या किमतीबद्दल.

हिशेब अगदी साधा आहे. सुतारदऱ्यात राहणारा, रोजंदारीवर रंगकाम करणारा एक माणूस समजा. त्याचा रोज चारशे रुपये धरू. घरात जुन्या नोटांचे चार हजार आहेत आणि सुरुवातीला बँकेच्या खिडकीवर बदलून मिळण्याची मर्यादाही तेवढीच होती. एक दिवस रांगेत गेला म्हणजे एक रोज बुडाला. चार हजारांचे चार हजार मिळाले खरे, पण त्यासाठी चारशे मोजले. दहा टक्के! त्याच दिवशी आपल्याच कोथरूडमधला, महिन्याचा पगार खात्यात जमा होणारा माणूस सुपरमार्केटमध्ये कार्ड घासून किराणा घेऊन आला. त्याला या सगळ्याचा भुर्दंड शून्य. कायद्याच्या पुस्तकात दोघांवर सारखाच नियम होता.

हे दहा टक्के कुठल्याच अंदाजपत्रकात जमेला धरलेले नाहीत आणि त्याची पावतीही कुणाला मिळालेली नाही. सरकारच्या तिजोरीतही ते गेले नाहीत. नुसतेच वाया गेले. म्हणून मला ते नेहमीच्या करापेक्षाही वाईट वाटतात. कर घेतला तर निदान रस्ता होतो, शाळा चालते.

रांग संपली तरी प्रश्न संपत नव्हता. हातात पडायची दोन हजारची गुलाबी नोट. तिच्याखाली थेट शंभर. मधे काहीच नाही. नवी पाचशेची नोट नाशिकरोडच्या छापखान्यात रात्रंदिवस काम करूनही पुरेशी यायला वेळ लागला. त्यातून दोन हजारची नोट जुन्या हजारच्या नोटेपेक्षा आकाराने लहान, त्यामुळे एटीएममधले नोटा ठेवायचे कप्पे बसेनात. तंत्रज्ञ एकेका यंत्रापाशी जाऊन ते जुळवत होते. गुजरात कॉलनीतल्या भाजीच्या गाडीवर साठ रुपयांची मेथी-टोमॅटो घेऊन कुणी दोन हजारची नोट पुढे केली, तर भाजीवाली एकोणीसशे चाळीस कुठून आणणार? ओळखीच्या गिऱ्हाइकाला तिने उधार दिलं, अनोळखी गिऱ्हाईक परत गेलं. संध्याकाळी उरलेली मेथी कोमेजली. पैसा बाजारात होता, पण चुकीच्या आकाराचा होता. शंभर आणि पाचशेच्या मधली दोनशेची नोट आली ती २०१७च्या ऑगस्टमध्ये.

पौड रस्ता पुढे जातो तो पौडला, मुळशी तालुक्यात. तिकडच्या शेतकऱ्यांची खाती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत आणि गावच्या विकास सोसायटीत. १४ नोव्हेंबरला देशभरातल्या जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. ऐन रब्बीच्या तोंडावर बियाणं-खतासाठी लागणारा पैसा ज्या बँकेत ठेवायचा, तीच बँक नोट घेईना. रांगेत उभं राहायलाही जागा नव्हती म्हणा ना. चांदणी चौकाच्या अलीकडे आणि पलीकडे या निर्णयाची झळ किती वेगळी होती, हे त्या दिवसांत दूधवाल्याशी दोन शब्द बोललेल्या कुणालाही कळलं असेल.

कर आणि चलनाची टंचाई यांचं नातं पुण्याला नवं नाही. पेशवाईत इथे अंकुशी, चांदवडी असे नाना टाकसाळींचे रुपये चालत आणि एका रुपयातून दुसऱ्या रुपयात जायचं तर सराफ बट्टा कापून घेई. वसुली ठरावीक रुपयात मागितली की तो बट्टा रयतेच्या माथी. इंग्रजी अमदानीत रुपया एकच झाला, पण शेतसारा रोख हवा आणि ठरल्या तारखेला हवा, हा नियम आणखी पक्का झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ते युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि नेमक्या त्या पडत्या काळात पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. शेतकऱ्याकडे धान्य असे, रोकड नसे. रोकड सावकाराकडे. मग साऱ्यासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला.

सुप्याच्या दंग्याची गोष्ट आपण सावकाराच्या नावाने सांगतो आणि ते बरोबरही आहे. पण सावकाराच्या दारात माणसाला ढकललं कुणी, तर तारखेने. सारा जास्त होता हे खरंच. त्याहून जाचक होतं ते असं, की तो विशिष्ट दिवशी, विशिष्ट रूपात द्यायचा होता आणि त्या दिवशी ते रूप हातात नव्हतं. कुठलाही कर माणसाला किती जड जाईल हे दराइतकंच या गोष्टीवर ठरतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात तर सुटे पैसेच नाहीसे झाले. धातू युद्धसामग्रीकडे वळला, लोकांनी चांदीची आणि तांब्याचीही नाणी दडवली. १९४० मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली, १९४३ मध्ये तांबं वाचवण्यासाठी मधे भोक पाडलेला पैसा आला. अनेक घरांत तो भोकाचा पैसा अजून आजीच्या डब्यात सापडतो. सुट्यांच्या जागी पोस्टाची तिकिटं चालत होती. आताआतापर्यंत किराणा दुकानात दोन रुपयांऐवजी गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवत, त्याचीच ही जुनी आवृत्ती. एकेका वेळी रुपया-दोन रुपयेच जातात, पण दिवसातून चारदा पाच-दहा रुपयांची खरेदी करणाऱ्याचे जास्त जातात. महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

वस्तू आणि सेवा कराचंही थोडंफार असंच आहे. तीनशे रुपयांच्या मोबाइल रिचार्जमध्ये १८ टक्के दराने साधारण ४६ रुपये कर असतो. केळेवाडीतल्या पंधरा हजार कमावणाऱ्या बाईसाठीही ४६ आणि डहाणूकर कॉलनीतल्या दीड लाख कमावणाऱ्यासाठीही ४६. तिच्या कमाईशी या कराचं प्रमाण दीड लाखवाल्याच्या दहापट. प्राप्तिकरात कमाईप्रमाणे दर चढतो, इथे तशी सोयच नाही. २०२५-२६पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. मध्यमवर्गाला तो मोठा दिलासा मिळाला आणि कोथरूडमध्ये त्याचं स्वागत होणं साहजिक आहे. मात्र चार घरी पोळ्या करणाऱ्या बाईंना त्यातून काही मिळालं नाही, कारण त्या प्राप्तिकर कधी भरतच नव्हत्या. ‘ते लोक कुठे कर भरतात’ हे वाक्य आपल्या सोसायट्यांच्या सभांत फार सहज ऐकू येतं. साबण घेताना, तेल घेताना, रिचार्ज मारताना त्या कर भरत आल्यात. फक्त तो छापील किमतीत मुरलेला असतो.

म्हणून २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू आणि सेवा करात झालेला बदल मला प्राप्तिकराच्या सवलतीपेक्षा मोलाचा वाटतो. साबणाची वडी, टूथपेस्ट, केसाचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं, तूप-लोणी १२वरून ५वर, पाकीटबंद पनीर आणि पोळी-पराठा शून्यावर. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा करही गेला. एवढं मात्र खरं, की दहा रुपयांच्या पुडीत उतरलेला कर गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा तर किंमत तीच ठेवून वजन वाढवावं लागतं, कारण रुपयाच्या आतले सुटे कुणी देणार नाही. पुन्हा सुट्यांपाशीच आलो.

आता कोथरूडकरांच्या जिव्हाळ्याचा विषय, मिळकतकर. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, या अंदाजावर महापालिका करयोग्य मूल्य काढते आणि त्यावर सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, पाणी असे एकेक रकाने चढत जातात. घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, अशी पुण्यात १९७० पासूनची रीत. ढोबळमानाने बघायचं तर वीस हजारांचं बिल बारा हजारांवर येतं. २०१९ मध्ये राज्य शासनाने ती सवलत काढली. पुढे मागच्या वर्षांच्या फरकाच्या रकमा लोकांच्या मोबाइलवर येऊन थडकल्या तेव्हा निवृत्तांच्या घरांत झोप उडाली. पेन्शन ठरलेली, औषधांचा खर्च ठरलेला, त्यात न मागितलेली थकबाकी. २०२३ मध्ये सवलत परत मिळाली, पण आपोआप नाही. ज्यांची सवलत निघाली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा, स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडायचा, पंचवीस रुपये भरायचे.

मुलं परदेशात, गुडघे दुखतात, संगणक येत नाही, अशी जोडपी आनंदनगर-महात्मा सोसायटीच्या प्रत्येक इमारतीत आहेत. शेजारच्या कुणा मुलाने अर्ज भरून दिला तर सवलत, नाही तर जास्तीचं बिल. हक्काची सवलत अर्जावर टांगली की ती धडधाकट, माहीतगार माणसालाच आधी मिळते. भाडेकरूच्या वाट्याला तर ती कधीच येत नाही. पौड रस्त्यावरच्या कॉलेजांत शिकायला आलेली चार पोरं एका फ्लॅटमध्ये राहतात, तो फ्लॅट सवलतीला पात्र नाही, आणि मालक वाढीव कर भाड्यात धरतो. घर नसलेला माणूस घराचा कर भरतो, आणि तोही घरमालकापेक्षा चढ्या हिशेबाने.

याच बिलावर आणखी एक ओळ असते, तिच्याकडे लक्ष द्या. ३१ मेच्या आत पूर्ण रक्कम भरली तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट. उशीर केला तर दरमहा २ टक्के शास्ती, वर्षाला २४. बँकसुद्धा घरकर्जावर एवढं व्याज घेत नाही. मे महिन्यात खात्यात पैसे पडून आहेत त्याला सूट. जूनमध्ये मुलांच्या शाळेची फी, वह्या-पुस्तकं, पावसाळ्याआधीची डागडुजी यांत ओढाताण होणाऱ्याला दंड. सुप्याच्या शेतकऱ्याला छळलेली ती तारीख पालिकेच्या बिलावर अजून छापलेली आहे.

यूपीआयने बरंच सोपं केलं, हे मान्यच करायला हवं. भाजीच्या गाडीवर आता सत्तावीस रुपये सत्तावीसच जातात, आणि पैसे आल्याचं यंत्र बोलून सांगतं. पण जुलै २०२५ मध्ये बंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून करखात्याच्या नोटिसा गेल्या आणि काहींनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. कर आणि चलन एकमेकांना असे ओढत राहतात. रोख पुन्हा लागणार, आणि लागेल तेव्हा ती छोट्या नोटांत लागेल. दोन हजारची नोट मागे घेण्याची घोषणा १९ मे २०२३ला झाली, तरी एटीएममधून येते ती बहुतेक वेळा पाचशेचीच. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलंय, की सप्टेंबर २०२५ अखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभरच्या किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. आपल्या चौकातल्या एटीएममध्ये त्या मिळतात का ते बघा, आणि मिळत नसतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा.

महापालिकेकडे मागण्यासारखंही काही आहे. छोट्या घरांचा मिळकतकर दरमहा भरू द्यावा, वीजबिलासारखा, आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्याला मे महिन्यातली सूटही द्यावी. पीटी-३चा अर्ज ज्येष्ठांच्या घरी जाऊन भरून घ्यावा. वसुलीला पालिकेची माणसं दारात येऊ शकतात, तर सवलत द्यायलाही येऊ शकतात.