ऑपरेशननंतरही घोटा दुखतो, तेव्हा

घोट्याचे ऑपरेशन होऊन वर्ष उलटले, तरी चढ-उतार करताना आत खोल कळ येते, संध्याकाळी सूज चढते. असे रुग्ण आपल्या जिल्ह्यात पुष्कळ. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या ऊसतोड कामगाराचा सारा भार घोट्यावरच पडतो.

घोट्यातील टॅलस या हाडावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तिची जखम आपोआप भरत नाही. तेव्हा दुर्बिणीतून खराब भाग खरवडून खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. रक्त येते, गोठते, त्यातून नवा थर धरतो. मात्र हे ठिगळच; मूळ कूर्चेची सर त्याला नाही. लहान जखमेत ते बरे टिकते. जखम मोठी असेल किंवा खाली हाडात पोकळी झाली असेल, तर पुन्हा छिद्रे पाडून फारसा लाभ होत नाही.

दुसऱ्या ऑपरेशनची घाई करू नका. आधी दुखण्याचे मूळ शोधायला हवे. उभे राहून काढलेला एक्स-रे आणि एमआरआय पाहिल्यावर कधी हाड वाकडे जुळलेले दिसते, तर कधी तपासताना अस्थिबंध सैल आढळतात. ते दुरुस्त न करता नवे ठिगळ लावले तर तेही झिजणार. सांध्यात वारंवार स्टिरॉइडची इंजेक्शने घेणे मला पसंत नाही. चार दिवस बरे वाटते, कूर्चा मात्र आणखी दुबळी होते.

मोठ्या जखमेसाठी गुडघ्यातील कूर्चेसह हाडाची गुल्ली काढून घोट्यात बसवतात. कधी कधी मग गुडघा दुखू लागतो, हे आधी विचारून घ्यावे. प्रयोगशाळेत पेशी वाढवून लावण्याचा उपचार महागडा आहे.

सांधा पुरता झिजला असेल, तर हाडे एकमेकांना जोडून सांधा कायमचा बंद करतात. घोटा वाकत नाही, उकिडवे बसणे कठीण होते. पण बहुतेकांचे दुखणे जाते. अंगमेहनत करणाऱ्या तरुणाला कृत्रिम सांध्यापेक्षा हे मानवते. तंबाखू ओढणाऱ्यांची हाडे मात्र लवकर जुळत नाहीत. बिडी आधीच सोडावी लागते.

यातील बहुतेक ऑपरेशनांनंतर काही आठवडे कुबड्या लागतात, आणि ओझे उचलायला कित्येक महिने थांबावे लागते. उचल घेऊन झाल्यावर, दसऱ्याच्या तोंडावर ऑपरेशन करून घेणे म्हणजे ठिगळ फडातच उसवणे. हंगाम संपवून गावी परतताच तारीख घ्यावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. तेथे जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि जुने एक्स-रे बरोबर न्यावेत.