३.८ मिलिमीटरचं कुलूप

अमेरिकेत विकल्या गेलेल्या निंटेंडो कंपनीच्या व्हिडिओ गेमच्या राखाडी कॅसेटची पाठ पाहिली, तर तीन खोल भोकं दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी एक स्क्रू असतो. त्याच्या डोक्यावर चपट्या पेचकससाठी चीर नाही, स्टार पेचकससाठी फुली नाही. डोकं गोल, आणि कडेनं सहा अर्धगोल खाचा. तो फिरवायचा तर आत सहा उंचवटे असलेलं पोकळ तोंडाचं बिट वरून त्या डोक्यावर बसवावं लागतं, बॉक्स पाना नटावर बसतो तसं. जुन्या गेमच्या शौकिनांत या बिटाला गेमबिट म्हणतात. मापं दोनच: कॅसेटसाठी ३.८ मिलिमीटर, यंत्रासाठी ४.५ मिलिमीटर.

आज ही जोडी घरबसल्या मागवता येते. पण या कॅसेट दुकानात नव्या विकल्या जात होत्या तेव्हा हे बिट साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नसे. ज्यानं पैसे मोजून कॅसेट घेतली, त्यानं ती उघडू नये अशी ही सोय होती. ही सोय कशासाठी केली गेली आणि आज ती मोडणं का गरजेचं झालं आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

निंटेंडोनं जपानात १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हे यंत्र आणलं. त्याचे मुख्य अभियंते होते मासायुकी उएमुरा. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळत होता. कोणीही उठून अटारीच्या यंत्रासाठी गेम काढत होतं, दुकानांत सुमार मालाचे ढीग लागले होते आणि दुकानदारांचा विश्वास उडाला होता. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाऊल ठेवताना निंटेंडोनं दोन गोष्टी केल्या. यंत्राला व्हिडिओ प्लेअरचं रूप दिलं, कॅसेट समोरून आत सरकवायची. आणि यंत्रात व प्रत्येक कॅसेटमध्ये एकेक छोटी पहारेकरी चिप बसवली. यंत्र सुरू होताच दोन्ही चिपांची आपसात खूण पटायला हवी. नाही पटली तर यंत्र दर सेकंदाला स्वतःला पुन्हा सुरू करत राहतं. लाल दिवा लुकलुकत राहतो, गेम काही सुरू होत नाही. चिपमधल्या प्रणालीचं नाव १०एनईएस.

हे कुलूप फोडायचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अटारी गेम्स या कंपनीचा. चिपमधला मजकूर नीट वाचता येईना, तेव्हा १९८८ मध्ये कंपनीनं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडून त्याची प्रत मिळवली, तीही आपल्यावर दावा सुरू आहे असं खोटं सांगून. त्यावर त्यांनी आपली चिप बनवली आणि टेंजेन या नावानं कॅसेट विकल्या. १९९२ मध्ये अपील न्यायालयानं या प्रकरणात निंटेंडोच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे चिपचा पहारा होता, कायद्याचा पहारा होता, आणि सगळ्यांत बाहेर, हाताला लागणारा असा पहारा होता स्क्रूचा.

हा स्क्रू सुरुवातीपासून नव्हता. पहिल्यावहिल्या अमेरिकी कॅसेटना पाच साधे चिरेचे स्क्रू असत; चपटा पेचकस घेऊन कोणीही उघडाव्यात. आणि त्या उघडणाऱ्यांना आत एक नवलाची गोष्ट सापडली. 'जायरोमाइट'च्या काही प्रतींमध्ये चक्क जपानी फॅमिकॉमचं सर्किट होतं, आणि त्याला जोडलेला एक अडॅप्टर. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकी यंत्राला ७२. नव्या बाजारासाठी घाईनं माल उभा करताना जपानी सर्किटच तसंच्या तसं अमेरिकी कवचात घातलेलं. जपानी गेम अमेरिकी यंत्रावर चालवायला हा अडॅप्टर उपयोगी पडतो, म्हणून शौकीन आजही त्या प्रती शोधत असतात. पुढे कवचाची रचना बदलली, पाचाचे तीन स्क्रू झाले आणि तिन्ही गेमबिटचे.

मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. ते मूळ अमेरिकी यंत्र साध्या स्टार पेचकसनं उघडतं. कुलूप होतं ते कॅसेटला. कमाई कशात होती, हे यावरून कळतं. पुढच्या पिढ्यांत, सुपर निंटेंडो आणि निंटेंडो ६४ मध्ये, यंत्रालाही ४.५ चा स्क्रू आला. तरीही लोक तो उघडत राहिले. अमेरिकी सुपर निंटेंडोत जपानी कॅसेट बसू नये म्हणून खाचेत प्लास्टिकचे दोन दात ठेवले होते, ४.५ चं बिट मिळालं की झाकण काढून दात छाटायचे, की जपानी गेम सुरू. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कॅसेटवरही हेच डोकं भेटतं. निंटेंडोच्या हातात धरायच्या गेम बॉय यंत्राच्या छोट्या कॅसेटला पाठीवर वरच्या बाजूला एकच स्क्रू असतो.

बिट नसलेल्यांनी शोधलेली युक्तीही सांगायला हवी. स्वस्त प्लास्टिकच्या पेनाचं टोक गरम करायचं, मऊ झालं की स्क्रूच्या डोक्यावर दाबून धरायचं, गार होऊ द्यायचं. प्लास्टिकमध्ये सहा खाचांचा साचा उमटतो आणि त्यानंच स्क्रू फिरवायचा. जगभर असंख्य कॅसेट अशा उघडल्या गेल्या. मात्र स्क्रू घट्ट असला तर साचा घसरतो, प्लास्टिकचे तुकडे भोकात अडकतात. धातूचं बिट घेतानाही त्याच्या तोंडाची भिंत पातळ आहे ना आणि मान लांब आहे ना हे पाहावं. जाड बिट त्या खोल भोकात शिरतच नाही.

आत काय असतं? मूळ निंटेंडोची कॅसेट उघडणारा पहिल्यांदा चकित होतो, कारण निम्म्याहून अधिक कवच रिकामं असतं. हिरवं सर्किट तळाशी एवढंसं. कॅसेटचा आकार यंत्राच्या तोंडासाठी ठरला होता, आतल्या सामानासाठी नव्हे. त्या सर्किटवर गेम कोरलेली रॉम, पहारेकरी चिप, आणि काही कॅसेटमध्ये आणखी दोन वस्तू: छोटी रॅम आणि तिला जगवणारा बटण सेल.

हा सेल आला कसा, याची कथा 'द लेजंड ऑफ झेल्डा'शी जोडलेली आहे. १९८६ मध्ये जपानात हा गेम फॅमिकॉमच्या फ्लॉपीसारख्या डिस्कवर आला. खेळाडूची प्रगती त्या डिस्कवरच लिहिली जाई. अमेरिकेत ते डिस्कचं यंत्र कधी विकलंच गेलं नाही. मग १९८७ मध्ये सोनेरी कॅसेटमध्ये ३ व्होल्टचा सेल बसवून रॅमला सतत किंचितसा प्रवाह दिला गेला. यंत्र बंद केलं तरी कॅसेट लक्षात ठेवू लागली.

त्या युक्तीनं लांब पल्ल्याच्या गेमचं दार उघडलं, आणि कॅसेटला मर्यादित आयुष्यही दिलं. गेम बॉयचे पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम १९९९ मध्ये जपानात आले. त्यांत दिवस-रात्र कळावी म्हणून घड्याळ आहे, ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालणारं, आणि तेही त्याच सेलवर. म्हणून हे सेल आधीच्या रेड आणि ब्लूपेक्षा लवकर संपतात. सेल मेला की नवा गेम सुरू होतो, पण बंद केला की सगळं पुसलं जातं. पुढच्या रूबी आणि सॅफायरमध्ये प्रगती फ्लॅश मेमरीत लिहिली जाते, त्यामुळे सेल संपल्यावर फक्त घड्याळ थांबतं. सेगाच्या 'सॉनिक ३'मध्ये तर सेलच नाही. त्यात वीज नसतानाही टिकणारी वेगळ्या जातीची रॅम वापरली होती. म्हणजे मार्ग होता. बहुतेकांनी स्वस्त मार्ग घेतला.

ज्या वस्तूच्या पोटात संपणारा सेल आहे, ती वस्तू विकत घेणाऱ्याला उघडता आली पाहिजे. त्या सहा खाचांच्या स्क्रूबद्दल माझा राग यासाठी आहे. नकलेची भीती खरी होती. पण नक्कल करणाऱ्याला स्क्रूनं अडवलं नाही, त्याच्याकडे बिट बनवून घ्यायला पैसे होते. अडला तो घरचा माणूस.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे 'व्हिडिओ गेम' घराघरांत आले, ती बहुतांशी फॅमिकॉमची नक्कल असलेली यंत्रं होती. पिवळ्या, काळ्या ६० पिनांच्या कॅसेट, वर 'नाइन थाउजंड नाइन हंड्रेड नाइंटी नाइन इन वन'चा कागद. त्यांना गेमबिटचं कुलूप नसे. आत मात्र आयसीच्या जागी काळ्या इपॉक्सीचा एक टिपका. तो बिघडला की दुरुस्ती नाही, कॅसेट फेकूनच द्यायची. बंद स्क्रूपेक्षा हा टिपका अधिक पक्का अडसर आहे. आणि तोच आज खऱ्या-खोट्याची ओळख पटवतो. जुन्या पोकेमॉनच्या बनावट कॅसेट जगभर विकल्या जातात. बाहेरून स्टिकर, कवच सगळं हुबेहूब. ३.८ चं बिट लावून उघडलं की कळतं: अस्सल सर्किटवर निंटेंडोचं नाव छापलेलं असतं, चिपांवर नीट छापील क्रमांक असतात. काळा टिपका दिसला की सौदा मोडावा.

कायदा हळूहळू उघडून दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूला वळतो आहे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं सहा कंपन्यांना ताकीद दिली, त्यांत निंटेंडोही होती. यंत्र उघडलं किंवा बाहेरचा भाग वापरला तर वॉरंटी जाते, असा दावा १९७५ च्या वॉरंटी कायद्यात बसत नाही, हा त्याचा आशय होता. भारतात २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं धरली आहेत. खेळण्याची यंत्रं त्या यादीत यायला हवीत.

तोवर कॅसेट आपल्यालाच सांभाळायच्या आहेत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. तरी गेमचा मजकूर निदान कोणी ना कोणी उतरवून ठेवलेला असतो. एखाद्या मुलानं आपल्या पोकेमॉनला ठेवलेलं नाव मात्र जगात त्या एकाच रॅममध्ये असतं. म्हणून सेल बदलण्याआधी कॅसेट रीडर लावून ती नोंद संगणकावर उतरवावी, कारण जुना सेल काढताच रॅम रिकामी होते. उघडताना बिट सरळ धरावं. मूळ सेलवर पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्या सर्किटवरून डाग वितळवून काढाव्यात. नव्या सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, तापलेला लिथियम सेल फुटू शकतो. पट्ट्या लावलेलेच सेल विकत मिळतात. अधिक-उणे नीट पाहून बसवावा. काही जण पट्ट्यांऐवजी सेलचा होल्डर बसवतात, म्हणजे पुढच्या वेळी डाग द्यावा लागत नाही. मूळ निंटेंडोच्या ऐसपैस कवचात तो मावतो. गेम बॉयच्या चपट्या कवचात मावत नाही, झाकण फुगतं. तिथे पट्ट्यांचाच सेल घ्यावा, आणि स्क्रू परत लावताना हात हलका ठेवावा, कारण तो प्लास्टिकच्याच आट्यांत बसतो आणि एकदा आटे गेले की झाकण धरून ठेवायला काही उरत नाही.