फोन आपला, कुलूप कंपनीचे

अमेरिकेत मोबाइल कंपनीच्या दुकानातून हप्त्यांवर घेतलेला स्मार्टफोन बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. असा फोन घेऊन कोणी पुण्याला आला आणि त्यात एअरटेलचे किंवा जिओचे सिम घातले, तर हे सिम चालणार नाही असा संदेश पडद्यावर येतो. वाय-फाय चालते, कॅमेरा चालतो, फोन मात्र लागत नाही. या बंधनाला सिमलॉक म्हणतात. तोच फोन पूर्ण किंमत मोजून, कोणत्याही मोबाइल कंपनीशी न जोडता घेतला, तर तो सहसा मोकळा, म्हणजे अनलॉक्ड असतो.

कुलपाची रचना साधी आहे. प्रत्येक सिममध्ये ग्राहकाचा एक क्रमांक साठवलेला असतो, बहुधा १५ अंकी. त्यातले पहिले तीन अंक देशाचे असतात: भारतासाठी ४०४ आणि ४०५, अमेरिकेसाठी ३१० पासून पुढचे काही. त्यानंतरचे दोन-तीन अंक कंपनीचे. सिम घातल्यावर फोन हे अंक वाचतो आणि परवानगी दिलेल्या कंपनीशी ते जुळले नाहीत तर नेटवर्कला जोडून घेत नाही. जुन्या फोनमध्ये कंपनीने दिलेला कोड टाकला की कुलूप निघे. आयफोनमध्ये मात्र ही नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते आणि ती बदलायला मूळ मोबाइल कंपनीने सांगावे लागते. म्हणून बाजारात ‘अनलॉक करून देतो’ म्हणणाऱ्याकडे फोन सोपवण्यात फारसा अर्थ नसतो. सिमखाली सरकवायची पातळ चिप काही दिवस काम भागवते, पण पुढच्या अपडेटनंतर ती चालेलच असे नाही.

कुलूप लावण्याचे कारण उधारी. पहिला आयफोन २००७ मध्ये अमेरिकेत आला तो फक्त एटी अँड टीच्या ग्राहकांसाठी. त्यानंतर बरीच वर्षे दोन वर्षांच्या कराराच्या बदल्यात महागडे फोन स्वस्तात दिले जात. आता त्यांची जागा २४ किंवा ३६ महिन्यांच्या हप्त्यांनी घेतली आहे. ‘मोफत फोन’ म्हणून जाहिरात होते, तोही बहुधा हप्त्यांवरच असतो. दर महिन्याच्या बिलात हप्ता लागतो आणि तेवढीच सवलत वजा होते. ग्राहकाच्या खिशातून काही जात नाही, पण कंपनीच्या वहीत फोनची किंमत तीन वर्षे बाकीच राहते आणि कुलूपही राहते. सगळी रक्कम एकदम भरून फोन मोकळा करायला जावे, तर उरलेल्या महिन्यांची सवलत बुडण्याची शक्यता असते. फुकटच्या फोनची खरी किंमत अनेकांना परदेशी निघण्याच्या आठवड्यात कळते ती अशी.

एटी अँड टीचा नेहमीचा नियम म्हणजे फोनची किंमत पूर्ण फिटलेली असावी आणि तो किमान ६० दिवस वापरात असावा. टी-मोबाइलने हीच मुदत ४० दिवसांची ठेवली. प्रीपेड ग्राहकांना त्याहून बरेच जास्त थांबावे लागते. परदेशी तैनातीवर निघालेल्या सैनिकांना सूट मिळते; आजीला भेटायला निघालेल्यांना मिळत नाही. व्हेरायझनची गोष्ट वेगळी. या कंपनीने २००८ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झचा जो पट्टा घेतला, त्यावर फोन बांधून ठेवायचा नाही अशी सरकारी अट होती. त्यामुळे व्हेरायझनचे फोन दीर्घकाळ मोकळेच मिळत. फसवणूक आणि चोऱ्या रोखण्यासाठी ६० दिवसांचे कुलूप लावण्याची मुभा कंपनीने २०१९ मध्ये मिळवली आणि २०२५ मध्ये ही मर्यादाही हटवावी अशी मागणी केली. ‘व्हेरायझनचा फोन कुठेही चालतो’ हा जुना सल्ला आता डोळे मिटून मानण्यासारखा नाही.

अमेरिकेच्या कायद्याने या प्रश्नावर बऱ्याच कोलांट्या खाल्ल्या. १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून फोन अनलॉक करण्याला सूट होती. जानेवारी २०१३ पासून ती नव्या फोनसाठी संपली आणि स्वतः विकत घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीला न विचारता काढणे बेकायदा ठरले. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे गेलेल्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी सही केलेल्या कायद्याने सूट परत आणली. पण फोन मोकळेच विका, असे त्या कायद्याने कंपन्यांना सांगितले नाही.

इतर देशांनी ते सांगितले. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन मोकळेच विकावे लागतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी आहे आणि जपाननेही त्याच वर्षी सिमलॉकला जवळपास पूर्णविराम दिला. भारतात बहुतेक लोक फोन एका दुकानातून आणि सिम दुसरीकडून घेतात, म्हणून हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. अपवाद आहेत: रिलायन्सचे सुरुवातीचे सीडीएमए फोन आणि दीड हजार रुपये अनामतीवर २०१७ मध्ये आलेला जिओफोन.

कुलूप निघाले म्हणजे सगळे झाले असेही नाही. फोनमध्ये त्या देशातल्या लहरींचे पट्टे असावे लागतात. जिओकडे टू-जी किंवा थ्री-जी नाही, त्यामुळे फोर-जीवरून बोलण्याची सोय नसलेल्या फोनवर इंटरनेट चालूनही कॉल होत नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा कप्पाच नसतो. भारतात आल्यावर त्यांच्यासाठी ई-सिमच घ्यावे लागते. आणि हप्ते थकलेला किंवा चोरीचा म्हणून काळ्या यादीत गेलेला फोन ही वेगळीच बाब. सिमलॉक काढून त्याचा डाग पुसला जात नाही.

रोमिंगसाठी मात्र अनलॉकची गरज नसते. अमेरिकी सिम फोनमध्येच ठेवून मुंबईत उतरल्यावर ते सिम इथल्या नेटवर्कवर चालते, कारण फोन तपासतो ते सिम कुणाचे हे. प्रश्न फक्त खर्चाचा. आठवड्याभराच्या भेटीला रोमिंग परवडू शकते. दोन महिने राहणाऱ्याला किंवा फोन आईवडिलांना कायमचा देऊन जाणाऱ्याला नाही.

फोन मोकळा आहे की नाही, हे आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’ उघडून कॅरिअर लॉकच्या ओळीत पाहता येते. सिमचे बंधन नाही असे तिथे लिहिलेले असले की झाले. अँड्रॉइडमध्ये सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे. कुलूप असेल तर *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक देऊन मूळ कंपनीकडे अर्ज करावा. त्याला काही दिवस लागू शकतात, म्हणून तो तिकीट काढतानाच केलेला बरा.